ओनोरीनमावशीचे मोजे

ओनोरीनमावशी भर उन्हाळ्यात हातांत मोजे घालायची. पायांत नव्हे, हातांत. जुन्या मोज्यांचे पंजे कापून दंडापर्यंत चढवायचे, डोक्यावर टोपलीएवढी गवती टोपी, हनुवटीखाली आवळलेला रुमाल, आणि अशा थाटात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या आंतीब गावच्या धक्क्यावर मासेमारीची जाळी सांधत बसायचं. येणारे-जाणारे हसायचे. मावशीचा टाका चुकायचा नाही.

या सगळ्याचं मूळ बार्तेलेमीची आई. मावशी विशीची असताना औषधवाल्यांच्या बार्तेलेमीचा तिच्यावर जीव जडला होता. आईनं तिचा रापलेला चेहरा एकदाच पाहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "नको रे बाबा. लोक म्हणतील, होडीतून उतरवली न् तशीच घरात आणली." बार्तेलेमीनं मान खाली घातली. त्या ऐकीव मानेचा मला वर्षानुवर्षं राग यायचा.

मावशीनं लग्न केलं नाही. तीस वर्षं तोंडाला लिंबू फासलं, उन्हाशी उभा दावा मांडला आणि पन्नाशीत मैद्यासारखी पांढरी झाली. एकोणीसशे सव्वीस साली विधुर बार्तेलेमीचा निरोप आला, 'रविवारी जेवायला येतो, काही विचारायचंय.' त्याची आई केव्हाच देवाघरी गेली होती. मावशीनं शुक्रवारपासूनच लसूण सोलायला घेतला.

नेमकं त्याच उन्हाळ्यात पॅरिसच्या बायकांना खूळ लागलं. एरवी हिवाळ्यात येऊन सावली शोधणाऱ्या त्या, आता भर जुलैत वाळूवर उताण्या पडायच्या. मावशीला वाटलं, एकीला भोवळ आली. धावत जाऊन तिनं छत्री धरली.

बाई खेकसली, "अहो, माझं ऊन सोडा!"

मावशी घरी येऊन मला म्हणाली, "पोरी, दार लावून घे. साथ आलीय कसली तरी."

रविवारी बार्तेलेमी आला, तो उकडलेल्या खेकड्यासारखा लाल. नाकाची सालं निघत होती. दोनदा वाढून घेऊन मग तो बोलला.

"ओनोरीन, लग्नाचंच बोलायला आलोय. पण मी अक्रोडाचं तेल काढलंय, अंग तांबूस करणारं. माझीच बायको दुकानात अशी पांढरीफटक उभी राहिली तर कोण घेईल? जरा उन्हात बस. तीन आठवड्यांनी येतो, मग बघू."

मला वाटलं, पातेलं त्याच्या डोक्यावर उपडं करावं. मावशी नुसती म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी तिनं मोजे उतरवले, टोपी खुंटीला लावली. आम्ही कपाळाला हात लावला. ही पुन्हा त्याच्या तालावर नाचणार! पण आठवड्यात ती गुणगुणायला लागली. म्हणाली, "अगं, वारा लागतो गं हातांना. विसरलेच होते मी."

तीन आठवड्यांनी बार्तेलेमी फुलं घेऊन धक्क्यावर आला, तर मावशीभोवती पॅरिसच्या बायकांचा गराडा. "काय रंग! कुठलं तेल हो?"

"आमचंच!" बार्तेलेमीनं छाती फुगवली. "आमच्या होणाऱ्या सौभाग्यवती!"

"तेलबिल काही नाही, बाई. जाळी सांधते मी," मावशी म्हणाली. मग तिनं त्याच्याकडे नीट, मायेनंच पाहिलं. "नको रे बाबा. लोक म्हणतील, होडीतून उतरवली न् तशीच घरात आणली."

बार्तेलेमीनं मान खाली घातली. या वेळी मला मुळीच राग आला नाही.