फक्कीची लंका

सत्तरच्या दशकात आई झरीच्या प्राथमिक शाळेत शिकवत होती. एका दिवाळीच्या सुट्टीत ती यात्रेकरूंच्या गटाबरोबर श्रीलंकेला जाऊन आली. आमच्या बौद्ध वस्तीतून इतक्या लांब कुणी गेले नव्हते. निघण्याआधी विहारात ठरले होते : जाईल एकटी, पण पाहतील सगळे. परतल्यावर तिने वस्तीला बेट दाखवायचे.

थोरल्या चुलत्यांचा याला विरोध होता. जायचे त्यांच्याही मनात होते. गुडघ्यांनी जाऊ दिले नाही. "मास्तरीण रामेश्वरहूनच माघारी येती अन् आपल्याला लंका सांगती," असे ते चारचौघांत म्हणाले. ते आईच्या कानावर गेले. तिच्याजवळ कॅमेरा नव्हता. होती एक वही, जागोजागची पावले आणि वळणे टिपलेली.

मी तेव्हा परभणीच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत होतो. ठरल्या रविवारी घरी आलो, तेव्हा आई वही बघत विहाराच्या अंगणात फक्कीने रेघ ओढत होती. याच फक्कीने शाळेत कबड्डीचे मैदान आखत. रेघेबाहेर तिने पाणी शिंपडले. तो समुद्र.

"भाषण करणार न्हाई," ती जमलेल्यांना म्हणाली. "मागं मागं या."

माणसे वहाणा काढून ओल्या मातीतून बेटावर उतरली. चुलते काठावरच थांबले, वहाणा घालून. कोलंबोच्या किनाऱ्यावर आईने जहाजे दाखवली. कँडीला पाण्याने भरलेली परात होती. त्या तळ्याकाठी बुद्धाच्या दाताचे मंदिर. वाटेत नदीत हत्ती लोळत होते, "आपल्या म्हशीवानी." सिगिरियाचा खडक म्हणजे पालथा घातलेला रांजण.

"ह्याच्या माथ्यावर राजाचा वाडा होता. चढताना लय दम लागतो."

"मंग मी खालीच बसते, बाई," एक म्हातारी म्हणाली आणि खरेच बसली. सगळे हसले.

अनुराधापूर आईने शेवटी ठेवले होते. बेटाची रेघच तिने अशी आखली होती, की ते ठिकाण अंगणातल्या पिंपळाखाली यावे. धर्मांतराच्या वर्षी तो लावलेला होता.

"आपल्याच पिंपळाला लंका केलीस व्हय?" चुलते काठावरून म्हणाले.

"तिथल्या बोधिवृक्षाची फांदी हितूनच गेलेली हाय, दादा. बुद्धगयेहून. त्याच्याम्होरं मी उभी राहिले तवा आधी ह्योच पिंपळ आठवला."

चुलत्यांनी वहाणा काढल्या, समुद्र ओलांडला आणि पिंपळाखाली येऊन हात जोडले. मग विचारले, "ते कँडीचं तळं कुठं म्हनालीस?"

आईने त्यांना पहिल्यापासून सगळे बेट फिरवले. गुडघ्यांसाठी दोनदा थांबून.

पुढच्या रविवारी पाथरीहून एसटीने पाहुणे आले. आई घरात वह्या तपासत होती. वाऱ्याने पुसलेली रेघ सकाळीच कुणीतरी नव्याने ओढलेली होती, आणि चुलते फक्कीने माखलेल्या हातांनी पाहुण्यांना अडवून सांगत होते, "वहाणा हितंच काढा. म्होरं समुद्र हाय."