कापगते डॉक्टरांची साबणाची वडी

पहिल्या भेटीत कापगते डॉक्टरांनी माझ्या हातावर फुटाणे ठेवले आणि म्हणाले, "खा." दाढ दुखते म्हणून मी त्यांच्या तुमसरच्या दवाखान्यात गेलो होतो. तोंडात आरसा घालायच्या आधी ते माझा जबडा कसा हलतो तेच बघत राहिले. "दुखते उजवीकडं, अन् सारा भार डावीकडं टाकून राहिला तू. तेही दाढ जाईल ना बापा!"

मी सांगलीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली, लेथवर हात बसला आणि ऐंशी सालाच्या आसपास राईस मिलचे सुटे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपात येऊन पडलो. परका मुलूख, ओळखीचं कुणी नाही. जरा काही बिघडलं की नोकरी गेलीच, अशी धास्ती कायम.

मी टर्नर आहे हे कळल्यावर डॉक्टर एका रविवारी स्वतः वर्कशॉपात आले. गावच्या शाळेतल्या लांजेवार गुरुजींच्या जबड्यात त्यांनी धातूचा स्क्रू रोवून त्यावर दात बसवला होता. तो हलला आणि काढावा लागला. आमच्या भागात ही विद्या तेव्हा नवीनच. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. हे मात्र ज्याला त्याला सांगत, "बारीक स्क्रूवर मोठा देखणा दात बसवला मी. चूक माझीच."

दिघोरीच्या धानवाल्या घरातला माणूस. हाडाबद्दल बोलतानाही बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरायचे. "बैल धुऱ्यावर एकाच जागी पाय देत गेला का तेथूनच धुरा खचते. हाडाचं तसंच हाय. भार पसरला पाह्यजे." धुरा म्हणजे आमच्याकडचा बांध.

गुरुजींची जखम भरली होती. आता मुंबईहून दोन तऱ्हेचे स्क्रू आले होते, एक टोकदार आट्यांचा, एक गोलसर आट्यांचा. कोणता बसवायचा? डॉक्टरांनी मला दोन्हींच्या मोठ्या पितळी प्रतिकृती करायला सांगितल्या. त्या धुण्याच्या साबणाच्या वड्यांत रोवायच्या, वरून आणि बाजूने वजन द्यायचं, तडा कुठून जातो ते पाहायचं. मधूनच विचारायचे, "तुले काय वाटते?" शिकलेल्या माणसाने मला असं कधी विचारलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी एकटाच चाचणी घेत असताना गोल आट्यांची वडी फुटली. तडा आट्यांपाशी नव्हता, स्क्रूच्या मानेखाली होता. मी बोट फिरवलं, तर तिथे धारदार कड राहून गेलेली. ती घासायची मीच विसरलो होतो. घाबरून मी कड घासून टाकली, फुटकी वडी पाण्याच्या बादलीत टाकली आणि डॉक्टरांना सांगितलं, "गोलवाला फुटला. टोकदार टिकला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुजींची पाळी होती. चहा तसाच टाकून मी धावत सुटलो. गुरुजी खुर्चीत, तोंड अर्धं बधिर. मी दारातूनच म्हणालो, "साहेब, थांबा," आणि डॉक्टरांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी हातातलं हत्यार तबकात ठेवलं. "गुरुजी, आज नाही. माझी चाचणी चुकली."

"अजी डॉक्टर," गुरुजी वाकड्या तोंडाने म्हणाले, "तुमचा साबन पास होएपर्यंत म्या पेजच प्यायची का?"

कंपाउंडर हसला. मला हसू आलं नाही.

व्हरांड्यात डॉक्टरांनी मला खुर्ची दिली. "कायले लपवलं?"

"भीती वाटली."

"भीती मलेही वाटते. हाडात भोक पाडताना दर खेपेले." मग म्हणाले, "पण भेलेल्या माणसाच्या खोट्यानं गुरुजीचं हाड गेलं असतं ना रे. जाय. नवा बनव. कड ठेवू नको."

नव्या चाचणीत टोकदारवाल्याच्या आट्यांपासून तडे सुटले, गोलवाला टिकला. डॉक्टरांनी तोच बसवला, वर दात मुद्दाम लहान केला. मी तुमसरला होतो तोवर तो हलला नाही. फुटकी वडी कुणाची, हे डॉक्टरांनी गुरुजींना कधीच सांगितलं नाही. मीही नाही.

पुढे मी पुण्याकडच्या कारखान्यात लागलो. एके दिवशी गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. डॉक्टर गेले होते. खाली लिहिलं होतं, 'शेवटल्या भेटीतही म्हणाले, गुरुजी, माझ्या एका चुकीच्या चाचणीपायी तुमचा जबडा जाता जाता राहिला.'

ते कार्ड कितीदा वाचलं कोण जाणे. मग उत्तर लिहायला बसलो. क्षेमकुशल नंतर, पहिली ओळ ही लिहिली: गुरुजी, ती चाचणी डॉक्टरांची नव्हती, माझी होती.