अंगावरचा एक दिवस

नांदुऱ्यात माझ्या मित्राचा हात लागला नाही असं घर नव्हतं, आणि हात लागल्यावर पूर्वीसारखं राहिलं असंही घर नव्हतं. धंद्याने तो ना सुतार, ना गवंडी. नदीपलीकडे त्याचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. मळ्याने पोटापुरतं दिलं की उरलेलं सगळं आयुष्य त्याने लोकांच्या घरांना वाहून टाकलं. रस्त्याने जाताना ओळखीचं दार दिसलं की तो एका बोटाने ते ढकलून बघायचा आणि करकरलं की आत शिरायचा. लग्नाच्या मांडवात सगळे नवरीकडे बघत, हा मांडवाच्या मेढींच्या बुडाकडे. एकदा आम्ही दोघे दुखवट्याला गेलो होतो. घरातला म्हातारा गेलेला, बायका रडताहेत, मी चेहरा पाडता येईल तितका पाडून बसलेला, आणि हा मान वर करून आढ्याकडे टक लावून. लोकांना वाटलं, केवढं दुःख झालंय याला! शेवटी म्हाताऱ्याच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "बुढा गेला तो गेला, भाऊ. पन आता हे आढं जाऊन राह्यलं, त्याच्याकडं पाह्य." तेरावा झाल्यावर ते आढं बदलायला हाच हजर.

त्याच्या कामात उत्साह फार, सफाई बेताची. त्याने बसवलेलं दार लागायचं, पण खांदा दिल्याशिवाय नाही. त्याने लिंपलेलं छत गळायचं, पण आधीच्या जागी नाही. "पान्याले म्या इथून हाकललं," तो सांगायचा, "आता ते कुठं जाऊन बसते ते त्याच्या मनावर." त्या काळी आमचा वऱ्हाड प्रांत नावाने निजामाचा, कारभाराने इंग्रजांचा आणि कागदोपत्री मध्यप्रांताला जोडलेला. माझं स्वयंपाकघरही त्याने माजघराला तसंच जोडून दिलं होतं. बघणाऱ्याला एकजीव दिसे, आणि पावसाळा आला की मधल्या फटीतून पाणी.

हे सगळं परवडलं असतं. पण तो मजुरीचे पैसे घेत नसे! ऐकायला किती गोड वाटतं. मलाही वाटलं होतं. शेतकऱ्यांत सावड असते, आज तू माझ्या रानात निंदायला ये, उद्या मी तुझ्या. ती सावड याने घरांना लावली होती. तो तुमच्याकडे एक दिवस राबला की तुमच्या अंगावर त्याचा एक दिवस चढला. तो पैशाने फिटत नसे, गव्हाने फिटत नसे, त्याच्या पडक्या घरावर जाऊन तुम्ही दिवसभर राबलात तरच फिटे. आणि त्याचं घर कायमच पडकं असे, कारण त्याला घरी थांबायला सवड कुठे होती? कुणब्या-माळ्यांना हे सोपं होतं. मी पडलो कापसाच्या अडतीतला दिवाणजी. लेखणीपेक्षा जड वस्तू उचलायची वेळ आली की मी इकडेतिकडे बघायचो.

स्वयंपाकघराची सावड फेडायला त्याने मला चिखल तुडवायला बोलावलं. आमच्याकडे घरांना सपाट मातीचं छत असतं, त्याला धाबं म्हणतात. त्यासाठी माती भिजवून, भुसा घालून पायांनी तुडवावी लागते. मी टोपी त्याच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, स्वाधीन केली, धोतर खोचलं आणि उतरलो. थोड्याच वेळात असा रुतलो की एक पाय काढावा तर दुसरा आणखी खोल. तो धाब्यावरून ओरडतोय, "तुडव बे! उभा काऊन राह्यला? रोप लावलं काय तुले?" नेमके तेव्हाच आमचे शेठ दमणीतून चालले होते. त्यांनी बैल थांबवले, मला सावकाश न्याहाळलं आणि अत्यंत अदबीने विचारलं, "दिवाणजी, काढायला माणसं पाठवू?" पुढे कित्येक दिवस अडतीतला हमालसुद्धा माझ्या पायांकडे बघून मग रामराम करी.

म्हणून पुढच्या साली त्याने माझं पुढचं दार बसवून दिलं तेव्हा मी हुशारी केली. चांदीचे रुपये फडक्यात बांधले, खण-नारळाखाली ठेवले आणि बायकोकरवी वहिनींच्या ओटीत घातले. ओटीतलं परत करायचं नसतं, हा माझा हिशेब. हिशेब अगदी बरोबर निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तो हा आला आणि माझं कवाड उचकटू लागला.

"अबे, हे काय करून राह्यला?"

"ओटीतलं मांगं देता येत नाई," तो म्हणाला. "माहं काम मले मांगं घेता येते."

"अरे, पन पैसे देल्ले ना तुले! सुताराले देतेत तशे."

"म्या तुले पैसे मांगतले होते काय? दिवस मांगतला होता."

"माहा दिवस घेऊन तू काय करशीन? मले येते काय काई?"

"काईच येत नाई," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच थोडं हसला. "ते मले मालूम हाय."

इथे मी गप्प बसायचं. पण आयुष्यभर कापसाच्या भावावर घासाघीस केलेली जीभ! मी म्हणालो, "कमी पडले असतीन तर सांग, अजून देतो."

त्याचं हसू तिथेच मावळलं. त्याने कवाड भिंतीला नीट टेकवून ठेवलं, पडू नये म्हणून खाली दगडही लावला, आणि गेला.

त्या दिवशी शेजाऱ्याची बकरी थेट देवघरापर्यंत येऊन फुलं खाऊन गेली. मी तणतणत पैसे देऊन सुतार आणला. त्याने दार असं बसवलं की बोट लावावं आणि उघडावं, बोट लावावं आणि लागावं. आवाज नाही, खांदा नाही. आठवड्याच्या बाजारादिवशी मित्र समोरून जात होता. मी ओट्यावरच बसलो होतो. सवयीने त्याचं बोट दाराला लागलं आणि दार मुकाट्याने उघडलं. तो दाराकडे बघत राहिला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. दार होतं तसं लावून घेऊन तो चालू लागला.

मीही हाक मारली नाही. कापसाचा सबंध हंगाम असा गेला. एकदा बायको म्हणाली, "अहो, या दाराचा आवाजच होत नाही. कोणी आलं तरी कळत नाही."

"कोणी आलंच नाही," मी म्हणालो.

उन्हाळ्यात वहिनी बाजारात भाजी घेऊन बसलेल्या दिसल्या. मला बघून त्यांनी वांगी निवडायला घेतली आणि वांग्यांकडे बघतच म्हणाल्या, "भाऊजी, त्यायले दम्यानं धरलं. खाटीवरून उठवत नाई. धाबं उघडं पडलं औंदा. लोक येतो म्हनतात, त्यायच्या अंगावर दिवस हायेत. पन हे कोनाले चढूच देत नाईत. म्हनतात, थांबा, एक मानूस अजून यायचा हाय."

मी वांगी घ्यायला विसरलो.

तो अंगणात लिंबाखाली खाटेवर होता. गालांची हाडं वर आलेली, छातीचा भाता चाललेला. मला बघून त्याने डोळे बारीक केले.

"काऊन आला बे? दार तं म्या काढून टाकलं. तुह्या अंगावर काईच नाई."

"काढलं, ते काम नोहे काय?" मी म्हणालो. "बसवायले एक दिवस लागते, तशी काढायचीबी मेहनत लागते. तो दिवस फेडाले आलो."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं, आणि हात हलवून त्याने मला टोपलं दाखवलं.

त्या दिवशी मी धाब्यावर पांढरी माती वाहिली. शिडीवर दोनदा घसरलो, एक टोपलं स्वतःच्याच डोक्यावर रिकामं केलं. तो खालून पडल्या पडल्या शिव्या देत होता, इतक्या शिव्या की वहिनी म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांनी आवाज खुलला त्यायचा." दिवेलागणीला मी खाली उतरलो, कमरेत वाकलेला, नखशिखांत पांढरा.

"फिटला?" मी विचारलं.

"नाई," तो म्हणाला. "हा दिवस मी धरत नाई. चुलीवरच्या कोपऱ्यात माती पातळ राह्यली. गळन ते. पुन्हा ये."

"खाटीवरून तुले कोपरा दिसते काय?" मी चिडलो. हिशेबाच्या माणसाला हे सहन होत नाही. मी त्याच्याशी बरंच भांडलो. त्याने डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, "पुन्हा ये म्हनलं ना बे."

मी येतो म्हणालो. अडतीत काम निघालं, मग पाऊस लागला. पाऊस जोराचा झाला आणि तो उघडायच्या आत माझा मित्र गेला.

दुखवट्याला बसलो होतो. बायका रडत होत्या. माझी मान आपोआप वर गेली आणि चुलीवरच्या कोपऱ्यावर नजर थांबली. तिथे गेल्या वर्षभराचं काजळ होतं तसंच होतं. ओल नव्हती, डाग नव्हता. घरातला तो एकच कोपरा कोरडा ठणठणीत होता. माझ्याकडे बघून कोणीतरी हळूच म्हणालं, किती दुःख झालंय बिचाऱ्याला.

त्यानंतर दर उन्हाळ्यात मी एक दिवस अडतीत जात नाही. शेठ विचारत नाहीत. टोपी वहिनींच्या स्वाधीन करून मी धाब्यावर माती चढवतो. आता घसरत नाही. खालून शिव्या देणारं कोणी नसलं की माणूस नीट चढतो. संध्याकाळी वहिनी पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन येतात आणि म्हणतात, "आता पुरे करा, भाऊजी. फिटलं सगळं."

मी चुलीवरच्या कोपऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, "नाई, वहिनी. तिथं माती पातळ राह्यली. हा दिवस धरू नका."