पोरीच्या फाईलमधलं माझं पान

मैत्रिणींनो, आज दवाखान्यात जे झालं, ते तुम्हालाच सांगते.

माझी शाळा दहावीनंतर सुटलेली. आता मुलगी दहा महिन्यांची असताना बाहेरून कॉलेज धरलंय. वर्ग रविवारी असतो. तिथल्या बाईंनी मनातलं एक पान लिहून आणायला सांगितलं. पिल्लू तापलेलं, कागद कुठे शोधणार? तिच्या दवाखान्याच्या फाईलमध्येच मागे कोरं पान होतं, त्यावर लिहिलं. आणि फाडून घ्यायचं विसरले.

आज नायगावच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी फाईल उघडली. आधीच्या डॉक्टरने लिहिलंय समजून मोठ्याने वाचायला लागल्या. "ताप आला की वाटतं, हिला काही होईल. सासूबाई म्हणतात, नाटकं करते. मग मी मोरीत जाऊन रडते."

सासूबाई बाजूलाच! म्हटलं, संपलं आता कॉलेज.

घरी परतताना त्या माझ्या पुढे चालत होत्या. नाक्यावर दुकानात शिरल्या, जाडी वही घेतली आणि माझ्या हातात दिली.

"फाईल पोरीची हाय. तू हिच्यात लिव. मी बोलले ते पण लिव. आणि हे पण लिव, तुझा नवरा लहानपणी तापला की मी पण मोरीतच रडायचे. मला लिवता येत नव्हतं गो."

लिहिणारी माणसं कोणी वेगळी असतात, असं वाटायचं मला.

ताप उतरलाय. पिल्लू त्यांच्या मांडीवर आहे. त्या सांगतायत, मी लिहितेय.

रविवारी बाईंना कोणतं पान देऊ, माझं की त्यांचं?