बतावणीची दुसरी बाजू

लेस्टरच्या काकांची तबकडी मी खराब केली आणि ती आधीच झिजलेली होती, असं त्यांना सांगितलं. हे आजवर मी कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी इंग्लंडात, लंडनच्या कडेला स्टॅनमोरला राहायचो, हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होतो. पेशंट झोपेपर्यंत हळू आवाजात इंग्रजी बोलायचं, मग तेही नाही. घरी मुलं भांडायचीसुद्धा इंग्रजीत. गावाकडच्या टवाळ बोलीची मला इतकी ओढ लागायची, की गाडीत एकटा असलो की मीच दोन आवाज काढून बोलत बसायचो. त्यातूनच जुन्या विनोदी तबकड्या जमवायचा नाद लागला. तमाशातल्या बतावण्या, म्हणजे सरदार काही विचारणार आणि सोंगाड्या त्याची टोपी उडवणार. तिथल्या मराठी मंडळाच्या पत्रकात विनंती छापली, लोकांनी लॉफ्टमधल्या ट्रंका उघडल्या. तबकडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, सीडी करायची आणि दोन्ही परत नेऊन द्यायच्या, असं चालायचं.

लेस्टरचे काका नात्यातले नव्हेत, मंडळातलेच, होजिअरीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांच्याकडे एकच तबकडी होती, लाखेची, टॉवेलात गुंडाळलेली. त्यातला सोंगाड्या त्यांचा धाकटा भाऊ. लेबलावर फडमालकाचं नाव होतं, भावाचं नव्हतं. काका इकडे आले त्याच्या दुसऱ्या वर्षी तो गेला. काकांना जाता आलं नाही.

"लवकर द्या हां, डॉक्टर," ते म्हणाले. "तुमच्या हॉस्पिटलासारखं वेटिंग लिस्टवर टाकू नका."

"द्या एकदाची त्यांच्याकडं," काकू आतून म्हणाल्या. "दर रविवारी तेच तेच. तबकडीला तोंड असतं तर पुरे करा म्हणाली असती."

पुढच्या रविवारी दुपारी मी पहिली बाजू उतरवली. खरखर फार होती. दुसरी आधी स्वच्छ करू, असं ठरवलं. आम्हा डॉक्टरांना स्वच्छ म्हटलं की स्पिरिटच सुचतं. व्हिनाइलच्या तबकड्या मी तशाच पुसायचो, त्यांना काही व्हायचं नाही. कापसाचा बोळा भिजवून फिरवला. बोळा काळा झाला. वर्षानुवर्षांची घाण निघतेय म्हणून मला समाधान वाटलं. आणखी स्पिरिट घेतलं, जरा दाबून पुसलं.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते. शाळेत शिकलो होतो. सुई ठेवली, तर नुसता फसफस आवाज. मधूनच कुणीतरी पाण्याखालून बोलल्यासारखं. मी तीनदा ऐकलं. मग तबकडी टॉवेलात गुंडाळली.

लेस्टरला सीडी आणि तबकडी घेऊन गेलो तेव्हा काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकू चहा घेऊन दारातच उभ्या राहिल्या. पहिली बाजू खरखरत का होईना, पूर्ण वाजली. शेवटी सरदार ओरडला, "अरं, हाय का कुनी घरात?" आणि बाजू संपली. जबाब दुसऱ्या बाजूला होता. काकांना तेवढाही धीर निघाला नाही. खुर्चीत पुढे सरकून त्यांनी स्वतःच, त्यांचा नव्हे अशा चिरक्या आवाजात, जबाब दिला, "हाय, पर न्हाई म्हनून सांगा." आणि हसून माझ्याकडे बघत राहिले.

"दुसरी बाजू नाही आली, काका," मी म्हणालो. "फार झिजली होती."

भूल द्यायच्या आधी आम्ही ज्या आवाजात बोलतो, त्याच आवाजात म्हणालो.

"सगळीच?"

"सगळीच."

"सांगत नव्हते मी?" काकू म्हणाल्या. "एवढी लावू नका, एवढी लावू नका. लावून लावून संपवलात भावाला."

काकांनी टॉवेलाची घडी उलगडून तबकडीवरून बोट फिरवलं. "बरोबर आहे हिचं," एवढंच म्हणाले. उलट मलाच ते स्टेशनपर्यंत पोचवायला आले. तुमची मेहनत वाया गेली, म्हणून दोनदा माफी मागितली. त्या चालण्यात मला बोलता आलं असतं. वीस मिनिटांचा रस्ता होता.

पुढे कितीतरी ठिकाणी चौकशी केली. पत्रं टाकली, पुण्या-कोल्हापुरात माणसांना जुन्या बाजारात पाठवलं. त्या फडाच्या दुसऱ्या तबकड्या मिळाल्या, ही मिळाली नाही. आता माझ्याकडे पुष्कळ सोंगाडे आहेत. काकांचा भाऊ त्यांत नाही.

दोन वर्षांनी काका गेले. दिवसांना गेलो, तेव्हा काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या दिवसानंतर त्यांनी रेकॉर्ड प्लेअर कधी उघडलाच नाही. मी तसं बोलायला नको होतं, डॉक्टर. चेष्टेत बोलले हो." मी त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि तेव्हाही गप्प राहिलो.

काकू अजून लेस्टरलाच आहेत, त्याच घरात. तबकडी काकांनी झिजवली नव्हती, मी स्पिरिटने पुसली, हे मला त्यांना समोर बसून सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.