खातं बंद केलं त्या रविवारी

रविवारी दुपारी, भांडी घासून झाल्यावर, चिखलीतल्या आमच्या खोलीच्या दारात बसून मी शेवटची पोस्ट लिहिली. 'मी इथून निघतेय. आपला गट आता नव्या जागी आहे, पत्ता खाली दिलाय. ज्यांना यायचंय त्यांनी या.' मग सेटिंगमध्ये गेले आणि खातं कायमचं काढून टाकायचं बटण दाबलं. ॲपने तीन वेळा विचारलं, नक्की का? तिन्ही वेळा मी हो म्हटलं.

जिंतूर सोडलं तेव्हा एवढं कुणी विचारलं नव्हतं. लग्नाला चार महिने झाले होते आणि ज्ञानोबांना चाकणकडे कंत्राटी काम लागलं होतं. एसटीच्या खिडकीशी उभी राहून आई म्हणाली, "पोचलीस की कळीव. आन् मानसात ऱ्हा, एकटी पडू नको." माणसं मिळायला मला पाच वर्षं लागली, आणि मिळाली ती फोनमध्ये.

गटातल्या जुन्यांना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगते. निघोज्याच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापायच्या पॉवर प्रेसखाली ज्ञानोबांची दोन बोटं गेली. मी दवाखान्यात पोचायच्या आधीच ठेकेदाराच्या माणसाने त्यांची कशावर तरी सही घेतली होती. चूक स्वतःची, असं त्यात लिहिलेलं. भरपाई तिथेच संपली. ड्रेसिंगला जाऊ लागलो तसं कळलं, बाकावर शेजारी बसलेल्या निम्म्या लोकांची गोष्ट हीच होती. म्हणून त्या मोठ्या ॲपवर मी गट काढला, 'हात आपले'. कुणाला लागलं की घरची बाई तिथे लिहायची आणि दहा मिनिटांत उत्तर यायचं. कशावरही अंगठा देऊ नका. केसपेपरवर 'कंपनीत लागलं' असं लिहून घ्या. शिफ्टचं कार्ड जपा. गट वाढत गेला, इतका की शंभरातले नव्वद चेहरे मी कधी पाहिलेही नव्हते. पण कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या आईचं दुखणं, सगळं मला माहीत असायचं.

नंतर ते बिघडलं. जखमी हातांचे फोटो 'हिंसक' म्हणून झाकले जाऊ लागले. मदत मागणाऱ्या पोस्टखाली कामगार पुरवणाऱ्या एजन्सीच्या जाहिराती यायला लागल्या. एके दिवशी गटच बंद. मी अर्ज केले, उत्तर दर वेळी तेच, शब्दाला शब्द, मशीनने दिलेलं. तीन आठवड्यांनी गट परत मिळाला तेव्हा आतल्या जुन्या पोस्टी गेल्या होत्या. कुणाला कधी, कुठल्या मशीनवर लागलं, सगळं त्यात होतं. त्या दिवशी मी जेवले नाही.

गटातला प्रशांत दापोडीचा, सर्व्हर सांभाळायची नोकरी करतो. त्याचे वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. तो म्हणाला, "ताई, दुसरी सोय आहे. ती कुणा एका कंपनीची नाही. आपला सर्व्हर आपण चालवायचा, नाशिकवाल्यांनी त्यांचा. तरी एकमेकांचं वाचता येतं, बोलता येतं. एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमला फोन लागतो ना, तसं."

मला ते पटलं. जरा जास्तच पटलं. मी सगळ्यांना सांगत सुटले, निघा इथून. प्रशांत म्हणाला होता, जुनं खातं असू द्या. ज्ञानोबा म्हणाले, "दार नुसतं लोटून घे, कडी नको लावू." पण मला वाटलं, मीच एक पाय मागे ठेवला तर लोक कसे येतील. शिवाय राग होता. रागाच्या भरात मला तत्त्वाची मोठी चव लागली होती.

नव्या जागी साठेक जण आले. बाकीच्यांचं म्हणणं सरळ होतं, तिकडे कोण आहे ताई, आमची पोरं, भावकी, सगळी इकडेच. नवी जागा शांत होती. जाहिरात नाही, आधी लिहिलेलं आधी, नंतरचं नंतर. मी मॉडरेटर झाले. 'इन्स्टन्स' म्हणजे आपला सर्व्हर, 'फेडरेशन' म्हणजे सर्व्हरांची आपसातली जोडणी, असले शब्द तोंडी बसले. एकदा प्रशांतच्या घरची वीज गेली आणि दोन दिवस सर्व्हर बंद राहिला, तेवढंच. दोन महिने मी खूश होते, हे कबूल करते.

मग निघोज्याच्या बाजारात शोभाताई भेटल्या. तिथल्याच शेतकरी घरातल्या, जुन्या गटात रोज असायच्या. प्रत्यक्ष आम्ही एकदाच भेटलो होतो. फोन नंबर एकमेकींकडे नव्हता, कधी गरजच पडली नव्हती. मी हसून पुढे गेले. त्या हसल्या नाहीत.

"ह्यांचा हात गेला, ताई," त्या म्हणाल्या. "तीन हप्ते झालं."

त्यांचे यजमान बबनभाऊ प्रेसवरच कामाला होते. पंजाच गेला होता.

"दवाखान्यात साहेब आला कागद घिऊन. मला आठवत व्हतं, तुमी सांगायच्या, अंगठा द्यायचा न्हाई. पन खातरी वाटंना. म्हनलं ताईस्नी इचारू. तर तुमचं नावच दिसंना, तुमची ती पत्त्याची पोस्ट बी खात्यासंगं गेलेली. गटात लिवलं, मंगलताई कुठं हायेत, कुनाकडं नंबर हाय का. कुनीच बोललं न्हाई. दुपारपत्तोर वाट बगितली." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मग ह्यांनी डाव्या हाताचा अंगठा दिला."

कागदात लिहिलं होतं की हात घरी, कडबाकुट्टीत वैरण तोडताना गेला.

"तुमच्याकडे कडबाकुट्टी आहे?" मी विचारलं.

"हाय की. म्हनून तर त्यास्नी सुचलं."

मी सॉरी म्हणाले. त्या म्हणाल्या, "तुमी तरी काय करनार." हे त्या मनापासून म्हणाल्या, आणि तेच मला सहन झालं नाही.

आम्ही दावा लावला आहे. तारखा पडतात. त्या दिवशी बबनभाऊ शिफ्टला होते याचं कार्ड ठेकेदाराकडे आहे, आणि तो म्हणतो, कार्ड नाहीच. सोबतचे कामगार कंत्राटी, कुणी साक्षीला येत नाही. शोभाताई आता एका कॅन्टीनमध्ये चपात्या लाटतात.

मी जुन्या ॲपवर परत गेले. नवं खातं, शून्य ओळखी. स्वतःच काढलेल्या गटात जायला अर्ज करून थांबावं लागलं. आता माझा नंबर तिथे रोज टाकते. दवाखान्याबाहेरच्या चहावाल्याला सांगून त्याच्या टपरीच्या पत्र्यावरही रंगवून घेतलाय.

तुमच्यातले काही जुन्या ॲपवरच राहिलात, काही माझ्यासोबत नव्या जागी आलात. दोघांनाही मी एकच सांगते. जागा सोडायचं माझं कारण खरं होतं, आजही खरं आहे. पण तिथे कुणीतरी माझ्या भरवशावर बसलेलं होतं, आणि मी त्यांना न विचारता गेले.

मागच्या महिन्यात बबनभाऊ स्वतः चिखलीला आले. नव्या जागी त्यांचं खातं उघडून द्यायचं होतं. मी फोन घेऊन बसले, म्हटलं, काय लिहू? ते म्हणाले, "लिवा. माजा हात कंपनीत गेला. घरी न्हाई."

मी तेवढंच लिहिलं. कोर्ट ते पुरावा म्हणून धरणार नाही, वकिलांनी आधीच सांगितलंय. थोड्या वेळाने नाशिकच्या सर्व्हरवरून कुणा अनोळखी माणसाने खाली लिहिलं, 'वाचलं, भाऊ.' बबनभाऊंनी मला ते दोनदा वाचून दाखवायला लावलं.

आता कुणी विचारलं तुमचं घर कुठलं, तर मी जिंतूर सांगते, चिखली सांगते. मनात मात्र ती जागा येते जिथे बबनभाऊंचं ते एक वाक्य अजून तसंच आहे. ते तिथून कुणी काढणार नाही. आणि मीही आता कुठे जाणार नाही.