पानोपानी नाव

कॉलेजच्या फाटकासमोर टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या काकांनी तीस वर्षांत लोकांचे शेकडो प्रबंध सजवले. त्यातला एकही त्यांना कळला नाही, आणि ते कबूल करायला त्यांना कधी लाजही वाटली नाही. "आत काय लिहिलंय ते तुम्ही बघा, वरचं माझ्यावर सोडा," म्हणायचे. वरचं म्हणजे हेडर. पानाच्या माथ्यावर एका बाजूला लेखकाचं नाव, दुसऱ्या बाजूला विषय, खाली बारीक रेघ. त्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता.

यंदा खुद्द लेकीचा शोधनिबंध आला. ती समोरच्याच कॉलेजात तात्पुरती शिकवायची. निबंध संशोधन-पत्रिकेनं स्वीकारला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. नेमकी शेवटच्या तारखेला तिला परीक्षेची ड्यूटी लागली.

"बाबा, मी सगळं तपासलंय, फक्त पाठवून द्या. आणि नाव कुठेही नको हं. लेखक कोण ते तपासणाऱ्यांना कळता कामा नये," असं बजावून ती गेली.

काकांनी फाइल उघडली. बावीस पानं, आणि सगळ्यांचे माथे ओकेबोके! अहो, जन्मभर परक्यांची नावं मिरवली, आणि पोटच्या पोरीची पानं अशी बोडकी? ते त्यांच्या जिवाला लागलं. पहिल्या पानावर नाव नसलं की नियम पाळला, अशी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली. दुसऱ्यापासून शेवटच्या पानापर्यंत ठळक अक्षरात तिचं नाव घातलं आणि निबंध धाडून दिला.

चार दिवसांनी उत्तर आलं. लेखकाची ओळख उघड केल्यामुळे निबंध न वाचताच परत.

लेकीनं दुकानातच पानं पाहिली. "बाबा, मी सांगितलं होतं ना?"

"होतंस."

"मग?"

"छान दिसत होतं गं."

तिनं फाइल बंद केली आणि ती घरी निघून गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना आजही वाटतं.

नोकरी गेली. दुसरीकडे कुठे जागा निघेना, तेव्हा ती दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसू लागली. परवा तिच्याच जागी लागलेला तरुण मास्तर निबंध घेऊन आला. तिनं पानं चाळली आणि प्रत्येक पानावरचं त्याचं नाव काढून टाकलं.

"इथे नाव चालत नाही सर. न वाचताच परत करतात."

"वाचवलंत ताई!" तो हसला. "टायपिंग करता, पण बरंच कळतं की तुम्हाला."

"हो, थोडंफार," ती म्हणाली, आणि शेजारी बसलेल्या काकांनी मान वर केली नाही.